मेसाकॉल पुरेना झाली, आता पुढे काय? गोळी, ड्रिप, पेन की ऑपरेशन

कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला सूज येऊन जखमा होणारे दोन जुनाट आजार) असलेल्या बऱ्याच जणांची गाडी एकाच ठिकाणी येऊन अडते. मेसालामाईन (म्हणजे मेसाकॉल) चालू असते, मधेमधे वायसोलोन या स्टेरॉइडचा कोर्स होतो, तेवढ्यापुरतं मस्त वाटतं, आणि डोस उतरवत आणला की परत रक्त, परत शेंब, परत पहाटे संडासाकडे धाव. मग डॉक्टर म्हणतात पुढचं औषध सुरू करूया आणि चार-पाच नावं समोर ठेवतात. ओपीडीच्या त्या गर्दीत कुणाला काय ठरवता येणार, घरी येईपर्यंत निम्मी नावं विसरलेली असतात. म्हणून हे लिहितेय. मी स्वतः अल्सरेटिव्ह कोलायटिसवाली, गोव्यातल्या फोंड्याची, आधी अझोरानवर (अझाथायोप्रिनवर) होते, आता इन्फ्लिक्सिमॅबच्या ड्रिपवर आहे, त्यामुळे माझा कल कुठे झुकणार ते आधीच सांगून टाकलं. डॉक्टर नाहीये, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

एक गोष्ट आधी. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि वर ताप, किंवा नाडी 90 च्या वर, असं असेल तर हे वाचत बसू नका, सरळ ॲडमिट व्हा. ती वेळ तुलना करायची नाही.

आता, मेसालामाईन खरंच फेल झाली का ते बघा. कितीतरी जण दिवसाला 1.2 ग्रॅमवरच असतात आणि म्हणतात औषध लागू पडत नाही, पूर्ण डोस 2.4 पासून 4.8 ग्रॅमपर्यंत जातो. आणि आजार गुदाशयाच्या आसपासच असेल तर गोळीपेक्षा सपोझिटरी किंवा रात्रीचा एनिमा जास्त काम करतो, पण तो घ्यायला लाज वाटते म्हणून लोक टाळतात आणि थेट इम्युनिटी दाबणाऱ्या औषधापर्यंत जातात, हे मला अजून कळलेलं नाही. शिवाय इन्फेक्शन नाही ना ते तपासायला हवं, सी डिफिसाईल नावाचा जंतू, अमिबा, सीएमव्ही नावाचा विषाणू. कॅलप्रोटेक्टिनची संडासाची टेस्ट करून घ्या, 50 च्या आत असेल तर आतड्याला सूज असायची शक्यता कमी, त्रास बहुतेक आयबीएसचा (सूज नसताना पोट बिघडतं तो), आणि 250 च्या वर असेल तर आजार जागा आहे असं धरून चालतात. टेस्टच्या आधीचे काही दिवस गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक खाल्लं असेल तर आकडा फुगून येतो. तसंही ब्रुफेन, डायक्लो आपल्यासाठी नाहीच, दुखलं तर पॅरासिटामॉल.

क्रोन्सवाल्यांचं थोडं वेगळं. मेसालामाईनचा तिथे फारसा उपयोग नसतो, त्यामुळे ती वाढवत बसण्यात अर्थ नाही. आणि आपल्या देशात आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दोन्ही स्कोपीत इतके सारखे दिसतात की बायोप्सी, कल्चर, जीनएक्स्पर्ट (टीबीच्या जंतूची टेस्ट) करूनही कधीकधी उत्तर मिळत नाही, मग डॉक्टर दोन-तीन महिने एकेटी (टीबीची औषधं) देऊन परत स्कोपी करतात, अल्सर भरले का बघायला. हा वेळ फुकट गेला असं वाटतं पण टीबी असताना पुढची औषधं चालू झाली तर काय होईल ते खाली येतंच.

वायसोलोन मी पर्यायांत धरतच नाही. स्टेरॉइड आग विझवायला, घर चालवायला नाही. चेहरा सुजणं, शुगर, झोप उडणं हे सगळ्यांना माहीत असतं, हाडं पोकळ होतात ते मात्र दिसत नाही. वर्षाला दोनदा कोर्स लागत असेल किंवा सोडताच येत नसेल तर पुढच्या पायरीची वेळ झाली. आणि ‘बाकीची औषधं स्ट्राँग आहेत, त्यापेक्षा थोडी वायसोलोन बरी’ असं सांगणारे नातेवाईक भेटतीलच, प्रत्येक चवथीला भेटतात. स्वस्त आहे म्हणून ती सेफ वाटते एवढंच.

आता गोळी विरुद्ध गोळी, अझाथायोप्रिन की टोफासिटिनिब.

अझाथायोप्रिन जुनी, महिन्याचा खर्च काही शेंत, कोलायटिस आणि क्रोन्स दोन्हीला चालते. पण हळू. असर यायला दोन-तीन महिने सहज जातात, तोपर्यंत स्टेरॉइडचा टेकू लागतो. आणि खरी कटकट रक्ताची. सुरुवातीला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी सीबीसी, मग तीन-तीन महिन्यांनी, गोळी चालू आहे तोवर. रिपोर्ट हातात आला की आधी टीएलसी (पांढऱ्या पेशींचा आकडा) बघायचं, 4000 च्या खाली गेलं की डॉक्टरांना फोन, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. सुरू करायच्या आधी एनयूडीटी15 ची जीन टेस्ट मिळत असेल तर करून घ्या, या जीनमधला बदल आपल्या लोकांत बऱ्यापैकी सापडतो, आणि तो असलेल्यांचे केस काही आठवड्यांत मुठीमुठीने जातात आणि पाठोपाठ पांढऱ्या पेशी खाली येतात. काहींना पॅन्क्रियाटायटिस होतो, सुरू केल्यावर थोड्याच आठवड्यांत पोटात वर जोरात दुखलं तर ॲसिडिटी समजू नका. घरात कुणाची युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर ती चुकूनही आपल्या पोटात जाऊ देऊ नका, दोघांचं अजिबात जमत नाही.

टोफासिटिनिब उलट. झटपट, कित्येकांना आठवड्याभरात फरक कळतो. 10 मिग्रॅ दिवसातून दोनदा साधारण आठ आठवडे, मग 5 मिग्रॅ दोनदा. आपल्याकडे जनरिक मिळते म्हणून बायोलॉजिकच्या (खाली येणाऱ्या ड्रिप-पेनच्या औषधांच्या) मानाने खूपच स्वस्त. पण ही फक्त अल्सरेटिव्ह कोलायटिसला, क्रोन्सला नाही, क्रोन्ससाठी त्याच घराण्यातली उपाडासिटिनिब आहे. तोटे म्हणजे नागीण उठते, कोलेस्टेरॉल वाढतं, आणि पन्नाशीपुढच्या, बीडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा हार्टचा त्रास असलेल्या माणसांत रक्ताच्या गाठी आणि हार्ट ॲटॅकचा धोका. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने) 2021 मध्ये यावरून कडक वॉर्निंग दिली आणि तिकडे ती आधी बायोलॉजिक फेल झाल्यावरच देतात. आपल्याकडे खर्चामुळे बऱ्याचदा क्रम उलटा होतो. तिशीतल्या सडपातळ माणसाला मला ती चांगली वाटते, साठीतल्या शुगरवाल्या काकांना मी स्वतःहून सुचवणार नाही. मूल हवं असेल तर टोफासिटिनिब आधीच बंद करावी लागते, अझाथायोप्रिन चालू असेल तर बहुतेक वेळा चालूच ठेवतात. लग्नाळू आणि नव्याने लग्न झालेल्या मुलींनी हा एक मुद्दा डॉक्टरांकडे स्वतः काढा, ते विचारायला विसरतात.

मग ड्रिप की पेन (घरी टोचायचं तयार इंजेक्शन). इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅब दोन्ही एकाच जातीची औषधं, टीएनएफ नावाचं सूज वाढवणारं प्रोटीन अडवतात.

इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून, वजनाच्या किलोला 5 मिग्रॅ. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 300, 100 च्या तीन बाटल्या. पहिला डोस, मग दुसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात, आणि पुढे दर आठ आठवड्यांनी, पहिल्या वर्षात आठ डोस म्हणजे चोवीस बाटल्या. हा हिशोब सुरुवातीलाच मांडा कारण एक डोस परवडतो आणि चौथा परवडत नाही असं झालं की जास्त नुकसान, मधे खंड पडला की शरीर औषधाविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि मग तेच औषध रिॲक्शन देतं किंवा चालतच नाही. प्रत्यक्षात दिवस कसा जातो तर सकाळी वजन, बीपी, रक्त, सुई लावली की दोनेक तास ड्रिप, मग थोडा वेळ बसवून ठेवतात. वाळपई, काणकोणकडून येणाऱ्याचा बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलपर्यंत अख्खा दिवस जातो आणि आजार जोरात असेल तर कदंबा बसमधल्या प्रवासाचीच जास्त भीती. पण फिस्टुलावाल्या (आतड्यातून भलतीकडे वाट फुटलेल्या) क्रोन्सला आणि जोरदार कोलायटिसला याच्याइतका भरवशाचा दुसरा पर्याय मला तरी दिसत नाही.

अडालिमुमॅब घरी घेता येतं, मांडीत किंवा पोटावर. आधी 160, दोन आठवड्यांनी 80, मग दर पंधरा दिवसांनी 40. भारतात 2014 पासून बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तसंच औषध) मिळतं. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचं, नाहीतर टोचताना झोंबतं. अडचण अशी की 2 ते 8 डिग्रीत राहायला हवं आणि आमच्याकडे जूनचा पहिला मोठा पाऊस आला की वीज कधी जाईल आणि कधी येईल ते वीज खात्यालाही माहीत नसतं. डीप फ्रीजर हे उत्तर नव्हे, गोठलं की औषध वाया. सत्तरी तालुक्यात कुठे आत राहत असाल तर पेन दोन-दोन महिन्यांचे एकदम भरून ठेवू नका. नोकरीत रजा मिळत नसेल, सुईची भीती नसेल, त्याने पेन घ्यावं. विसरभोळ्याने ड्रिप घ्यावी, हॉस्पिटलवाले तारीख लक्षात ठेवतात.

दोन्हीच्या आधी टीबीची तपासणी, म्हणजे छातीचा एक्सरे आणि मांटू (कातडीवरची टेस्ट) किंवा इग्रा (रक्ताची टेस्ट), शिवाय हेपटायटिस बी. हे कुणी फॉर्मॅलिटी म्हणून उरकत असेल तर अडून बसा. आपल्याकडे कितीतरी जणांच्या शरीरात टीबी झोपलेला असतो, टीएनएफ अडवलं की तोच उठतो, आणि तपासणी नॉर्मल असूनही उठू शकतो म्हणून औषधावर असताना संध्याकाळचा ताप किंवा वजन उतरणं अंगावर काढायचं नाही. टीबी होऊन गेलाय किंवा वय जास्त आहे अशांसाठी वेडोलिझुमॅब बघण्यासारखं, ते मुख्यतः आतड्यापुरतंच काम करतं, पण हळू आणि महाग. टीएनएफची औषधं गरोदरपणात सहसा चालू ठेवतात, फक्त बाळाला जन्मल्याबरोबर बीसीजी द्यायची नाही, निदान सहा महिने थांबावं लागतं, आणि हे बाळंतपणाच्या वॉर्डात तुम्हालाच सांगावं लागेल.

ऑपरेशनचं नाव काढलं की घरात रडारड. कोलायटिसमध्ये मोठं आतडं पूर्ण काढलं की आतड्यातला आजार संपतो, लहान आतड्याची पिशवी करून खाली जोडतात, मधले काही महिने पोटावर बॅग असते. नंतरही दिवसाला पाच-सहा वेळा जावं लागतं, पिशवीला सूज येऊ शकते. क्रोन्समध्ये खराब तुकडा काढला तरी आजार परत येऊ शकतो, पण लहान आतड्याच्या शेवटी छोटासाच भाग खराब असेल तर बायोलॉजिकऐवजी लवकर ऑपरेशन हाही चांगला पर्याय आहे. ऑपरेशन ठरलं नसलं तरी सर्जनला शांतपणे एकदा भेटून या, इमर्जन्सीत पहिल्यांदा भेटण्यापेक्षा बरं.

पैशांचं बघायला गेलं तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचं कव्हर आहे, पण ते ठरलेल्या प्रोसिजरच्या यादीवर चालतं, त्यामुळे तुमचं औषध त्यात बसतं का ते पहिल्या डोसच्या आधी काउंटरवर विचारा. प्रायव्हेट इन्शुरन्सवाल्यांनी डे-केअरमध्ये ड्रिप धरतात का ते लेखी घ्या, घरी टोचायचं पेन बहुतेक पॉलिसीत बसत नाही.

खाण्यापिण्याने यातलं एकही औषध वाचत नाही. माशांचं हुमण सोडलं म्हणून आजार जात नाही आणि पेज खाल्ली म्हणूनही नाही. आतडं अरुंद झालेल्या क्रोन्सवाल्यांनी फणस आणि सालीसकट कडधान्यं जपून, एवढंच. इम्युनिटीची औषधं चालू झाली की कालवं, तिसऱ्यो अशी शिंपल्यातली मासळी पूर्ण शिजवूनच. आणि लशी आधी घ्या, फ्लू, न्यूमोनिया, हेपटायटिस बी, टोफासिटिनिब घेणार असाल तर नागिणीची पण, कारण जिवंत जंतूंच्या लशी नंतर घेता येत नाहीत आणि बाकीच्यांचा असर कमी पडतो.