लस्टरचे सर्व्हर: वेग ओएसएसचा, कसोटी एमडीएसची

उच्च क्षमतेच्या संगणनासाठी समांतर फाइल सिस्टिम (फाइलींची विदा अनेक सर्व्हरांवर पसरवणारी साठवण यंत्रणा) निवडताना लस्टरचा विचार टाळता येत नाही. पीटर ब्राम यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या या मुक्तस्रोत प्रकल्पाची पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली. पुढे तो सन, ओरॅकल आणि इंटेल यांच्या हातांतून गेला आणि २०१८ पासून त्याचे बरेचसे विकासकार्य डीडीएन या साठवण यंत्रणा विकणाऱ्या कंपनीच्या व्हॅमक्लाउड विभागाकडे आहे. येथे केवळ त्याच्या सर्व्हर घटकांचा विचार केला आहे, कारण यंत्रणा चांगली चालणार की रखडणार, हे माझ्या मते तेथेच ठरते.

रचना स्पष्ट आहे. फाइलचे नाव, परवानग्या आणि मांडणी (तुकडे कुठे आहेत याची नोंद), म्हणजेच मेटाडेटा, एमडीएस हा सर्व्हर सांभाळतो आणि ती माहिती एमडीटी या त्याच्या साठ्यावर राहते; प्रत्यक्ष विदा (डेटा) ओएसएस या दुसऱ्या प्रकारच्या सर्व्हरांच्या ताब्यातील ओएसटी नावाच्या साठ्यांवर तुकड्यांनी पसरलेली असते. फाइल उघडताना क्लायंट (फाइल वापरणारा संगणक) एमडीएसकडून मांडणी घेतो आणि त्यानंतर वाचन-लेखनासाठी थेट ओएसएसशी बोलतो. त्यामुळे नेटवर्क साथ देत असेल तर ओएसएस वाढवले की एकूण वेगही वाढतो. मोठ्या, सलग लेखनाच्या कामांत हा भाग उत्तम आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र कोणतीही मांडणी न ठरवलेली फाइल मूळ संरचनेत एकाच ओएसटीवर जाते, त्यामुळे पुष्कळ ओएसटी असूनही एखादी प्रचंड फाइल एकाच ठिकाणी अडकते. २०१७ च्या २.१० आवृत्तीपासून फाइल वाढेल तशी तिची मांडणी रुंदावत नेण्याची सोय आहे. ती मूळ निर्देशिकेवरच लावून ठेवावी, वापरकर्त्यांवर सोपवू नये.

ओएसटी असमान भरणे हा दुसरा त्रास आहे. एकूण जागा भरपूर शिल्लक असतानाही एखादा ओएसटी भरला, की ज्या फाइलचे तुकडे त्यावर आहेत तिचे लेखन ‘जागा संपली’ या त्रुटीने थांबते. मोकळ्या जागेतील तफावत ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर सर्व्हर नव्या फाइलींसाठी रिकामे ओएसटी अधिक निवडू लागतो, पण आधीच लिहिलेली विदा आपोआप हलत नाही. ती प्रशासकालाच हलवावी लागते.

खरी कसोटी एमडीएसची आहे. लहान फाइलींचा भडिमार करणारी कामे, आणि यंत्रशिक्षणाचे अनेक विदासंच याच प्रकारात मोडतात, ओएसएसना जवळजवळ मोकळे ठेवून एमडीएसला घाम फोडतात. फाइलचा अचूक आकार सामान्यतः एमडीएसकडे नसतो, त्यामुळे निर्देशिकेची सविस्तर यादी मागितली की ज्या ओएसटींवर तुकडे आहेत त्या प्रत्येकाला विचारावे लागते. लहान फाइली उगाच सर्व ओएसटींवर पसरवणाऱ्यांना हे फार महागात पडते. २.४ आवृत्तीत अनेक एमडीटी वापरण्याची आणि २.८ मध्ये एकच निर्देशिका अनेक एमडीटींवर विभागण्याची सोय आली. २.११ पासून फाइलचा आरंभीचा भाग एमडीटीवरच ठेवता येतो. लहान फाइलींना त्याचा मोठा फायदा होतो, पण मग एमडीटीची जागा त्याच हिशेबाने घ्यावी लागते. सर्व्हरच्या डिस्कवर एलडीआयएसकेएफएस (लिनक्सच्या ext4 वर आधारलेली फाइल सिस्टिम) वापरल्यास इनोडचे, म्हणजे फाइलींच्या नोंदींचे, प्रमाण फॉरमॅट करतानाच ठरते हेही लक्षात ठेवावे. येथे केलेली काटकसर नंतर भरून काढणे कठीण असते.

एमजीएस या व्यवस्थापन सर्व्हरबद्दल थोडक्यात: तो केवळ संरचनेची माहिती ठेवतो आणि त्याला १०० मेगाबाइटही पुरतात. तो बंद पडला तरी आधी जोडलेले क्लायंट काम करत राहतात, नवे मात्र जोडता येत नाहीत.

विश्वासार्हतेच्या बाबतीत खरेदीदारांचा सर्वाधिक गैरसमज होतो. नेहमीच्या मांडणीत लस्टर विदेची दुसरी प्रत ठेवत नाही. डिस्क बिघडली तर संरक्षण खालच्या रेडचे (अनेक डिस्क एकत्र वापरून बिघाड सोसणारी रचना) किंवा झेडएफएसचे (एलडीआयएसकेएफएसला पर्याय असलेली फाइल सिस्टिम). सर्व्हर बंद पडल्यास जोडीदाराने त्याचे ओएसटी उचलावेत यासाठी दोघांना जोडलेला सामाईक साठा आणि पेसमेकरसारखे (बंद पडलेल्या सर्व्हरचे काम दुसऱ्याकडे सोपवणारे) बाहेरचे व्यवस्थापन सॉफ्टवेअर लागते. एकच ओएसटी दोन सर्व्हरांवर एकाच वेळी माउंट झाला (वापरासाठी जोडला गेला) तर विदेची वाट लागते. एलडीआयएसकेएफएसमध्ये फॉरमॅट करताना जोडीदार सर्व्हर नोंदवला की त्याविरुद्धचे संरक्षण आपोआप सुरू होते. झेडएफएसमध्ये ‘मल्टीहोस्ट’ हा गुणधर्म स्वतः चालू करावा लागतो, आणि तपासणीच्या यादीत तो अगदी वर असला पाहिजे.

एलडीआयएसकेएफएस आणि झेडएफएस या दोहोंपैकी काय घ्यावे? मी एमडीटीसाठी एलडीआयएसकेएफएस आणि ओएसटीसाठी झेडएफएस अशी सरमिसळ पसंत करतो: पहिले मेटाडेटाच्या कामात चपळ, दुसरे चेकसम (विदा बिघडली का याची पडताळणी) आणि संपीडन देणारे. मात्र एलडीआयएसकेएफएसचे सर्व्हर पॅकेज लिनक्स कर्नेलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) ठरावीक आवृत्त्यांसाठीच बांधलेले मिळते, त्यामुळे सुरक्षेचे तातडीचे कर्नेल अद्यतन आले की सुसंगत पॅकेज येईपर्यंत थांबावे लागते किंवा ते स्वतः बांधावे लागते. ज्या संस्थेकडे हे करू शकणारा एकही पूर्णवेळ प्रशासक नाही, तिने लस्टर विक्रेत्याच्या देखभाल करारासहच घ्यावे.