रस्ट कन्व्हर्टर वापरून नऊ महिने झाले, पण आधी दाराखालची भोकं बघा

जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा बघून परत निघालो, गाडीचं मागचं डावं दार लावलं आणि आतून पाणी डुचमळल्याचा आवाज आला. पाऊस जाऊन तीन महिने झालेले. गाडी मात्र त्याच सकाळी धुतली होती. घरी येऊन दाराच्या खालच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचं टोक घातलं, तर तांबूस पाण्याची धार लागली. अर्धा तांब्या तरी असेल.

गाडी २००८ची. २०२३ मध्ये ५,००० रुपये फी भरून आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतलंय, म्हणजे २०२८ पर्यंत कागदांची चिंता नाही. इंजिन ठणठणीत आहे. दारं आणि रनिंग बोर्ड (दारांखालची लांब पट्टी) यांच्या पत्र्याचे गॅरेजवाल्याने २२,००० सांगितले. एवढे पैसे घालायचे नव्हते आणि गाडी भंगारात तर अजिबात द्यायची नव्हती. म्हणून रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे थेट गंजावर लावायचा द्रव, आणला आणि फेब्रुवारीत स्वतःच कामाला लागलो.

पण आधी त्या भोकांचं सांगतो, कारण माझा खरा राग तिथेच आहे. काचेच्या रबरातून प्रत्येक गाडीच्या दारात थोडं पाणी उतरतंच. ते निघून जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला आणि रनिंग बोर्डच्या पोटाला बारीक भोकं ठेवलेली असतात. दोन वर्षांपूर्वी मी एका गॅरेजमध्ये ३,५०० रुपये देऊन गाडीला खालून गंजरोधक कोटिंग करून घेतलं. तिथल्या मुलाने तो काळा डांबरासारखा माल भोकांवरूनही मारला आणि सगळी बुजवून टाकली. गंज थांबवायला पैसे दिले, आणि त्याच पैशांनी पाणी आत कोंडलं! विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, ‘गॅरंटी बाहेरच्या बाजूची आहे, आतल्या गंजाची नाही.’ अर्धा तास भांडलो, एक रुपया परत मिळाला नाही.

त्यात आपलं पाणी. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, ते कोणी गाडीवर ओतत नाही. आमच्याकडे गाडी बोअरच्या पाण्याने धुतात आणि ते इतकं क्षारांचं आहे की पुसलं नाही तर काचेवर पांढरे डाग बसतात. तेच पाणी दारात साचायचं, वाळायचं, क्षार मागे राहायचे आणि पुढच्या धुण्याला परत भिजायचे. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, क्षार असले की काम आणखी वेगाने होतं. सोलापूरच्या कोरड्या हवेत गाडी गंजत नाही असं मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो. दाराच्या आत कोरडी हवा नव्हतीच.

आता कन्व्हर्टर. दुधट पातळ द्रव आहे, तपकिरी गंजावर लावला की अर्ध्या तासात काळा होतो. यातलं टॅनिक आम्ल गंजाशी मिळून काळा, घट्ट थर बनवतं. एक लक्षात ठेवा, हे पत्र्याला धरून बसलेल्या गंजासाठी आहे. सुटणारे पापुद्रे वायर ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आधी काढावेच लागतात. आणि चकचकीत उघड्या पत्र्यावर लावून उपयोग नाही, तिथे त्याला धरायला गंजच नसतो.

पहिलं दार वाया गेलं, चूक माझी. दुपारी दोन वाजता उन्हात काम केलं, पत्रा हात लावू देत नव्हता. द्रव आत जिरायच्या आधीच वाळला आणि दुसऱ्या दिवशी नखाने निघाला. मग सगळं खरवडून सकाळी सातला, सावलीत केलं. दोन पातळ हात, एक दिवस वाळू दिलं, त्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, मग रंग आणि लॅकर. दाराच्या आत नळीवाल्या स्प्रेने मेण मारलं आणि लगेच तारेने भोकं पुन्हा मोकळी केली, कारण मेणही ती बुजवतं. एका ओळखीच्यांनी आत इंजिनचं काळं ऑइल ओतायला सांगितलं होतं. ते केलं नाही, ऑइलने रबर फुगतं. सगळा खर्च २,९०० रुपये.

मे महिन्यात कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. दारं नव्यासारखी दिसत होती. पण आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात, आणि सप्टेंबर संपताना उजव्या रनिंग बोर्डवर बोटभर जागेत गंज परत आला. तिथे इपॉक्सी संपला म्हणून मी उरलेला रेड ऑक्साइड प्रायमर मारला होता आणि वरचा रंग ‘नंतर बघू’ म्हणून राहिला होता. रेड ऑक्साइड नुसता ठेवला तर ओल आत घेतो. शंभर-दोनशे रुपये वाचवायला गेलो आणि ती जागा आता पुन्हा उघडायची आहे.

मागच्या डाव्या चाकावरच्या कमानीलाही फोड आलाय. तिथे जुन्या मालकाने गंजावरच लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरलेली निघाली. लांबी ओल धरते आणि खाली पत्रा सडत राहतो. स्क्रू ड्रायव्हर दाबला तर आरपार गेला. तिथे कन्व्हर्टरचं काम नाही, खराब पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागणार. अक्कलकोट रोडच्या पत्राकाम करणाऱ्या अण्णांना दाखवलं. त्यांनी कमानीकडे बघायच्या आधी वाकून दाराखाली बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘भोकं मोकळी ठेवलीत, चांगलं केलंत. दारं टिकतील.’ कमानीचे १,८०० सांगितले, मी हो म्हटलं.

म्हणून कन्व्हर्टरला आता पाचपैकी साडेतीन. चारही दारं ठीक आहेत, कुठेही फोड नाही. काल गाडी धुतल्यावर दारं हलवून बघितली, आवाज नाही. प्रत्येक दाराखालून पाण्याचे थेंब पडत होते, ते थांबेपर्यंत उभा राहिलो आणि मग जुन्या टर्किश टॉवेलने कडा पुसून घेतल्या.