हातातला व्हीएचएफ रेडिओ: एक मोसम वापरल्यानंतर

ऑक्टोबरात घेतला, मे संपेपर्यंत वापरला. बोटीवरून इतर बोटी-जहाजांशी बोलायचा आणि त्यांचं ऐकायचा, ५ वॅटचा, पाण्यावर तरंगणारा संच. या वर्गातले बहुतेक सारखेच असतात, म्हणून कंपनीच्या नावात अडकत नाही. मी यावर बोललो थोडं आणि ऐकलं भरपूर. पैसे वसूल झाले ते ऐकण्यातच.

ऑक्टोबरातलाच खांदेरी बेटाचा फेरा सांगतो. मुंबईच्या गेटवेसमोरून दक्षिणेला साधारण १३ सागरी मैल, आमच्या छोट्या शिडाच्या बोटीला तीनेक तास. पहाटे मतलई छान होती, पाणी सपाट, प्राँग्जचं दीपगृह उजव्या हाताला मागे गेलं. उन्हं चढली तशी मतलई पडली आणि शिडं लोंबकळायला लागली. मग इंजिन. दुपारी वायव्येचा खारा वारा उठला तो थेट परतीच्या वाटेवर, आमच्या तोंडावर. त्यात बंदरातून ओहोटी बाहेर पडत होती. वारा आणि पाणी असे एकमेकांवर आले की लाट आखूड आणि उभी होते, बोट आपटत चालते.

सोबत ससून डॉकचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, असतात. पश्चिमेला लख्ख ऊन असताना त्यांनी घाटाकडचा काळा ढग बघून मोठं शीड कमी करायला लावलं. थोड्याच वेळात रेडिओवर आत नांगरलेल्या एका जहाजाने जोराचा वारा आणि पाऊस आल्याचं कळवलं. परतीच्या पावसाचा झोत पूर्वेकडून येतो, म्हणजे दुपारच्या वाऱ्याच्या जवळपास उलट. तो आला तेव्हा आम्ही तयार होतो. मांडव्याचा किनारा दिसेनासा झाला, पण न्हावा-शेवाकडे निघालेल्या कंटेनर जहाजाचं आणि त्याला बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटचं बोलणं कानावर पडत होतं. जहाजं जातात ती मुख्य वाट ओलांडायच्या अलीकडेच आम्ही रेंगाळलो. पावसातून त्याची काळी भिंत पुढून सरकली, मग निघालो. मोबाइलला त्या वेळी पूर्ण रेंज होती! पण मोबाइल फक्त आपल्याशीच बोलतो, शेजारच्या जहाजाचं त्यावर ऐकू येत नाही.

रेंजबद्दल दुकानदार काहीही सांगतात. व्हीएचएफ साधारण नजरेच्या रेषेत चालतो. बोटीत बसून दोन हातातले संच एकमेकांना जेमतेम १० किलोमीटरपर्यंत ऐकू येतात, लाटेच्या खळग्यात त्याहून कमी. जहाजाचा अँटेना उंच असतो म्हणून ते २५ किलोमीटरवरूनही ऐकू येतं. चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हे संकटाचं आणि हाक मारायचं चॅनल. मी ‘ड्युअल वॉच’ लावून १६ आणि बंदराचं चॅनल दोन्ही ऐकतो. १६वर गप्पा मारणाऱ्यांना मात्र कोणीतरी आवरायला हवं.

आता तक्रारी. चार्जिंगच्या पितळी टोकांवर हिरवा थर धरतो, दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुऊन पुसावं लागतं. पट्ट्याच्या क्लिपची स्प्रिंग दिवाळीपर्यंतच गंजली. स्पीकरच्या जाळीत पाणी शिरलं की आवाज घोगरा होतो, झटकल्याशिवाय शब्द कळत नाहीत. आयपीएक्स७ हा पाण्यापासून बचावाचा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, इतकंच वचन. खारट पाण्याच्या रोजच्या माऱ्याचं नाही. आणि तरंगतो म्हणून निर्धास्त राहू नका, फेसाळ पाण्यात पडलेला संच शोधणं कठीण. दोरीने जॅकेटला बांधा.

बॅटरी ऐकण्यापुरती दिवसभर पुरते. सतत ५ वॅटवर बोललात तर भराभर उतरते. जवळच्या बोटीशी बोलायला १ वॅट पुरतो.

घेण्याआधी परवान्याचं बघा, तो लागतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर मोबाइलमध्येही ठेवा, म्हणजे दोन वाटा राहतात.

पुढच्या मोसमात डोलकाठीच्या टोकावर अँटेना असलेला २५ वॅटचा पक्का संच बसवतोय. हा मग सुकाणूवाल्याच्या जॅकेटला.