नेपोलियनला मिशी चिकटवणारं दुकान

तीन स्टार देतेय. चार दिले असते, पण मिशी.

पोराच्या शाळेचं गॅदरिंग, त्यात वॉटर्लूवर (बेल्जियममधली नेपोलियनची शेवटची लढाई, 1815) दहा मिनिटांचं नाटुकलं, आणि आमच्या वाट्याला डायरेक्ट नेपोलियन. का, तर वर्गात सगळ्यात बुटका म्हणून बाईंनी निवडला म्हणे. इथंच माझं डोकं फिरलं. नेपोलियन बुटका नव्हता हो! मेल्यावर त्याची उंची 5 फूट 2 इंच अशी नोंदवली ती जुन्या फ्रेंच मापात, आणि तो इंच आपल्या इंचापेक्षा मोठा, 2.7 सेंटीमीटरचा. हिशोब केला तर साधारण 168 सेंटीमीटर भरतो, म्हणजे साडेपाच फूट, त्या काळच्या फ्रेंच माणसांत चारचौघांसारखाच. त्याला टेबलाएवढा करून टाकला तो गिलरे नावाच्या इंग्रज व्यंगचित्रकारानं. पण बाईंशी कोण वाद घालणार, पोराला रोल मिळतोय ना, गप बसले.

तर आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देणारे एक मालक आहेत, कुणीतरी सांगितलं म्हणून गेले. नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रार पण आहे आणि माणूस चांगलाय. ‘नेपोलियन सेट’ भाडं साडेचारशे, डिपॉझिट हजार, आणि मागं लावायला फ्लेक्स फ्री. पिशवी उघडली तर आत लालभडक कोट, पांढरा चुडीदार, पुठ्ठ्याची टोपी, प्लास्टिकची तलवार आणि एका छोट्या पाकिटात चिकटवायची मिशी.

मी म्हणलं, “मालक, मिशी कुणाची?”
“सेनापती म्हणल्यावर मिशी नको व्हय अक्का?”

आता काय बोलायचं. आपल्याकडं सेनापती म्हणलं की मिशी आलीच, त्यांचं पण चुकलं नाही. पण ज्याची एवढी चित्रं आहेत त्यातल्या एकात तरी मिशी दाखवा की. माणूस गुळगुळीत दाढी करायचा, मिश्या वाढवायचे ते त्याच्या गार्डातले, म्हणजे खास निवडक फौजेतले, जुने सैनिक.

लाल कोटाचं तर अजून भारी. तो कोट मुळात ‘गोरा साहेब’ म्हणून शिवलेला, 12 जानेवारीच्या आसपास सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या नाटकाला शाळा शाळांतून जातो. (1930 च्या सोलापूरच्या मार्शल लॉमधला गोरा ऑफिसर खाकीत असणार, लाल नाही, पण एका दिवशी किती भांडायचं.) म्हणजे वॉटर्लूला नेपोलियन समोरच्या इंग्रज सेनापतीच्या, वेलिंग्टनच्या, फौजेचा कोट घालून उभा! मी तावातावानं हे सांगितलं तर मालकांनी शांतपणे मोबाईल काढला आणि माझ्यापुढं अँग्र नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं 1804 चं चित्र धरलं, त्यात नेपोलियन अख्खा लाल मखमलीत, वरून एक हात कोटात. “हे काय मग?” घ्या! खरंच आहे ते चित्र, मी पण पाहिलेलं, ऐनवेळी विसरले. पण तो फर्स्ट कॉन्सल, म्हणजे बादशहा व्हायच्या आधी फ्रान्सचा प्रमुख, असतानाचा दरबारी पोशाख, लढाईवरचा नाही, हे सांगेपर्यंत मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले होते.

खरं काम केलं ते आतल्या मशीनवर बसलेल्या मास्तरांनी. सोलापुरात अर्ध्या जगाचे शाळेचे युनिफॉर्म शिवतात, त्यातलेच हे, चाळीस वर्षं हात बसलेला. त्यांना मी सांगितलं की हा बाबा रोज त्याच्या गार्डातल्या घोडेस्वारांच्या कर्नलचा हिरवा कोट घालायचा, कॉलर लाल, आणि रविवारी किंवा सणसमारंभाला गार्डाच्या पायदळातल्या ग्रेनेडियरचा निळा. आत पांढरं जॅकेट, गुडघ्यापर्यंत घट्ट पांढरी विजार, वर गरज पडली तर साधा करडा ओव्हरकोट. मास्तर म्हणले थांबा, आणि कुठल्यातरी शाळेच्या बॉटल ग्रीन ब्लेझरचं उरलेलं कापड काढलं, दोन दिवसांत कोट तयार, एक्स्ट्रा फक्त तीनशे. खांद्यावरचे सोनेरी गोंडे लाल कोटाचेच उसवून लावले, ते बरोबर बसले. चुडीदाराच्या चुण्या उसवून गुडघ्याशी बटण. फिटिंग एक नंबर.

मालकांना मात्र जरीकाम पाहिजे होतं. छातीवर लेस, बाह्यांवर लेस, बँडवाल्यासारखी. मी नको म्हणलं तर “साध्या ड्रेसला भाडं कोण देतंय अक्का”. गंमत बघा, नेपोलियनचं सगळं डोकं याच्या उलट चालायचं. जरीकाम, पिसं, झगमगाट हे सगळं सरदारांवर, त्याचा मेहुणा म्युरा तर नुसता चालता फिरता मंडप, आणि त्या घोळक्यात हा एकटा साधा, म्हणून लांबून पण ओळखू यायचा. जरीकाम लावलं की नेपोलियनचा म्युरा झाला.

टोपीवरून अजून अर्धा तास. मालक टोक पुढं करून घालत होते. तसं बाकीचे ऑफिसर घालायचे, हा आडवी घालायचा, दोन्ही टोकं खांद्यांकडं, आणि सोनेरी काठ नाही, फक्त एक तिरंगी फूल. मास्तरांनी रिडली स्कॉटच्या 2023 च्या पिक्चरचा ट्रेलर लावला आणि म्हणले हो, आडवीच आहे. त्या पिक्चरनं पिरॅमिडवर तोफा मारल्या जे कधी झालंच नाही, आणि फ्रान्समधल्या तुलाँच्या लढाईतला 24 वर्षांचा नेपोलियन पन्नाशीला आलेल्या हीरोकडून करून घेतला, पण टोपी आडवी ठेवली हे मान्य करायला पाहिजे. 2023 लाच नेपोलियनची एक खरी टोपी फ्रान्समध्ये लिलावात 19 लाख युरोच्या वर गेली. आमची पुठ्ठ्याची, पण आडवी!

फ्री फ्लेक्स घेऊ नका. त्यावर उधळलेला पांढरा घोडा आणि आल्प्स, दाविद नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं चित्र. वॉटर्लूच्या मागं बर्फाचे डोंगर, शिवाय 1800 मध्ये तो आल्प्सचा घाट नेपोलियननं खेचरावरून ओलांडला. खेचरावर बसवलेलं चित्र दलारोश नावाच्या चित्रकारानं काढलंय, ते 1850 मध्ये, पण ते फ्लेक्सवर कोण छापतंय. आम्ही मागं नुसता काळा पडदा लावला.

जायचं असेल तर डिसेंबरच्या आधी जा, नंतर गर्दी मरणाची, आणि मालकांशी न बोलता सरळ मास्तरांना गाठा. डिपॉझिट पूर्ण मिळालं, तलवारीचं टोक मोडलं होतं तरी कापलं नाही. कपडे परत द्यायला गेले तेव्हा मास्तरांनी टोपीच्या आत बॉलपेननं ‘आडवी’ असं लिहून ठेवलं. तोवर मालकांनी मिशीचं पाकीट परत नेपोलियनच्या पिशवीत टाकलेलं.