फिशर-डीस्काऊ: आधी गाणी की आधी ऑपेरा?

जर्मन बॅरिटोन (मध्यम-खर्जातला पुरुषी आवाज) गायक डीट्रिश फिशर-डीस्काऊ (१९२५-२०१२) ऐकायचा ठरवून ॲपवर नाव टाकलं की शेकडो अल्बम अंगावर येतात आणि माणूस तिथूनच मागे फिरतो. एकट्या शूबर्ट या संगीतकाराची चारशेच्या वर गाणी त्यानं जेराल्ड मूरच्या पियानोबरोबर रेकॉर्ड केली. शिवाय मोत्सार्ट, व्हर्डी, वाग्नर यांचे ऑपेरा आहेतच. माझं मत आधीच सांगून टाकतो: गाण्यांपासून सुरुवात करा. ऑपेरातला फिशर-डीस्काऊ वाईट मुळीच नाही, पण तो सगळीकडे सारखा नाही, आणि त्याचं कारण त्याच्या गाण्यांतच सापडतं.

जर्मनमध्ये कवितेला चाल लावून पियानोबरोबर गायच्या या प्रकाराला 'लीड' म्हणतात. अनेकवचन 'लीडर', पण पुढाऱ्यांशी काही संबंध नाही. आपल्या भावगीताच्या जवळचा प्रकार, फक्त पियानो इथे नुसता साथीला नसतो, निम्मं गाणं तोच सांगतो. वेळेचा हिशोबही बघा. लीड तीन-चार मिनिटांत आटोपतं, ऑपेराला तीन तास काढावे लागतात. ऑपेरात गायकाला वेशभूषा, ऑर्केस्ट्रा, समोरचं पात्र यांचा आधार असतो. लीड गाणारा काळ्या कोटात पियानोशेजारी उभा राहतो आणि जे काही घडवायचं ते शब्दांतूनच घडवतो.

पहिल्या दिवशी एकच गोष्ट ऐका: शूबर्टनं १८१५ साली जर्मन कवी ग्योटेच्या कवितेवर केलेलं 'एर्लक्योनिग'. रात्र, वारा, बाप आजारी पोराला कवटाळून घोडा दामटतोय आणि पोराला एक अदृश्य राजा बोलावतोय. पियानोचा उजवा हात टापांसारखा एकच सूर तीन-तीनच्या झपाट्यानं वाजवत राहतो. निवेदक, बाप, पोर आणि राजा, चौघंही एकाच गळ्यातून येतात. फिशर-डीस्काऊचा राजा भीती घालत नाही, लाडीगोडी लावतो, आणि अंगावर काटा येतो तो तिथेच. शेवटी घोडा घरी पोचतो, पियानो थांबतो, आणि गाणं जवळजवळ बोलण्यावर येतं: बापाच्या कुशीत पोर... मेलेलं होतं. मधल्या त्या थांब्यात त्यानं जे साधलंय, ते कळायला जर्मन यावंच लागतं असं नाही. पण भाषांतर समोर असेल तर दुप्पट पोचतं, तेवढे कष्ट घ्या.

मग 'विंटररायज', हिवाळ्यातला प्रवास. शूबर्टचीच, १८२७ची, विल्हेल्म म्युलरच्या कवितांवरची चोवीस गाणी. जानेवारी १९४३मध्ये बर्लिनच्या त्सेलेनडॉर्फमध्ये सतरा वर्षांच्या या पोरानं ती गायला घेतली, मध्येच बॉम्बहल्ला झाला, सगळे तळघरात गेले, आणि हल्ला संपल्यावर त्यानं उरलेली गाणी पूर्ण केली. पुढे सैन्य, इटलीत युद्धकैद, १९४७ला सुटका. ही मालिका त्यानं आयुष्यभर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केली. मूरबरोबरचं १९६२चं घ्या, आवाज तेव्हा भरात होता. पियानोवादक ब्रेंडेलबरोबरचं १९८५चं ऐकाल तर पियानो विलक्षण, आवाज मात्र वाळत चाललेला. पहिलं म्हणून ते नको.

शेवटचं गाणं 'डेर लायरमान', म्हणजे बर्फावर अनवाणी उभा राहून पेटीवजा वाद्य फिरवणारा म्हातारा. ताटलीत पैसा नाही, कुत्री गुरगुरताहेत. इथे पियानोचा डावा हात षड्ज-पंचमाची जोडी धरून बसतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे गाणं परकं वाटूच शकत नाही. फिशर-डीस्काऊ इथे जवळजवळ काहीच करत नाही, आणि सतत काहीतरी करणाऱ्या या गायकाकडून ते ऐकताना फार बरं वाटतं.

कारण त्याच्याबद्दलची तक्रार नेमकी तीच आहे: हा माणूस प्रत्येक शब्दाखाली रेघ मारतो. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्तला त्याच्यात श्वास ऐकू यायचा, पण घसा, जीभ, दात ऐकू येत नसत. मला हे गाण्यांबाबत पटत नाही, व्हर्डीबाबत बरंचसं पटतं. १९४८ला बर्लिनमध्ये संगीतसंचालक फ्रिचाईच्या हाताखाली त्यानं रंगभूमीवर पहिलं पाऊल टाकलं ते व्हर्डीच्याच 'डॉन कार्लोस'मधल्या पोझाच्या भूमिकेत. पण १९६४ला मिलानच्या ला स्काला या ऑपेराघरात संचालक कुबेलिकबरोबर केलेलं व्हर्डीचं 'रिगोलेट्टो' ऐका, त्यात तो दरबारी विदूषक आहे. बाकी मंडळी, बेर्गोन्झी आणि स्कोत्तो, सुराची लांब लड सहज उलगडतात, आणि हा मध्येच शब्द वेचायला थांबतो. हुशारी दिसते, पण विदूषकाचं रक्त गरम होत नाही.

जर्मन ऑपेरात मात्र हीच सवय कामी येते. 'टानहॉयजर'मधला वोल्फ्राम, ज्या भूमिकेतून तो १९५४ला बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात पोचला, संध्यातारकेला उद्देशून गातो ते खरं तर वाग्नरच्या ऑपेरात शिरलेलं लीडच आहे. आणि संगीतकार आरिबर्ट रायमानचा शेक्सपिअरवर बेतलेला ऑपेरा 'लिअर', १९७८, म्युनिक: विषय सुचवणाराही हाच आणि पहिला लिअरही हाच. संगीत कानाला ओरबाडतं. ते सहा महिन्यांनंतर.

आता दुसरा पर्याय. हातात कवितेचा कागद धरून ऐकायचा कंटाळा असेल, तर फिशर-डीस्काऊ बाजूला ठेवा आणि फ्रिट्झ वुंडरलिश लावा. हा टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा गायक, १९६६ला जिन्यावरून पडून छत्तिसाव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी गेला. ह्यूबर्ट गीझेनच्या पियानोबरोबर त्यानं गायलेली शूमानची 'डिश्टरलीब' ही गीतमालिका ऐका. पहिलं गाणं षड्जावर न येताच संपतं, अधांतरी, आणि तो ते समजावत बसत नाही, नुसतं सोडून देतो.

तरीही ठरत नसेल तर संचालक कार्ल ब्योमचं १९६४चं, बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबरचं मोत्सार्टचं 'जादूची बासरी' काढा. राजपुत्र टामिनो वुंडरलिश, पारधी पापागेनो फिशर-डीस्काऊ. पारधी त्या मानानं जरा जास्तच शिकलेला वाटतो, ते चालवून घ्या. पहिल्या अर्ध्या तासात सापाला घाबरलेला टामिनो येतो, पापागेनो पावा वाजवत येतो, मग टामिनो राजकन्येच्या तसबिरीवर गातो. तिथे थांबा आणि दोघांतला जो पुन्हा ऐकावासा वाटेल, त्याची गाणी लावा.