स्टुडिओला आणि स्टेजला एकच विंडोज लॅपटॉप : गोव्यातला एक पावसाळा आणि जत्रांचा हंगाम वापरल्यावर

आधी मशीन सांगतो. १४ इंची, रायझन ७ ७८४०एचएस, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, साधारण ७० वॉट-अवरची बॅटरी. डीडीआर५ रॅमचे दोन स्लॉट आहेत. १६ जीबी आली होती, ती ३२ केली. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच नावाखाली वेगवेगळी वाय-फाय कार्डं येतात, आणि ऑडिओसाठी त्या कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) प्रोसेसरइतकाच महत्त्वाचा. घरी रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि काँटॅक्टवर (सॅम्पल केलेली वाद्यं वाजवणारं सॉफ्टवेअर) अरेंजमेंट, बाहेर रवींद्र भवनापासून देवळासमोरच्या मंडपापर्यंत कीबोर्डचे आवाज, तानपुरा, बॅकिंग ट्रॅक आणि क्लिक (वादकांच्या कानात वाजणारा लयीचा ठोका), असा वापर.

प्रोसेसर निवडताना कोर किती हे विचारण्यापेक्षा एक कोर किती वेगाने चालतो ते बघावं. एका ट्रॅकवर इन्स्ट्रुमेंट, त्यावर ईक्यू, त्यावर रिव्हर्ब ही साखळी ओळीनेच मोजावी लागते, त्यामुळे ती बहुधा एकाच कोरवर पडते. टास्क मॅनेजर ३० टक्के दाखवत असतो आणि आवाज मात्र फुटतो, त्याचं हे एक कारण. या चिपचे आठही कोर एकाच जातीचे आहेत, हे मला आवडलं. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून लॅपटॉपमध्ये मोठे आणि छोटे कोर सर्रास एकत्र येऊ लागले; ऑडिओचं काम छोट्या कोरवर गेलं की जड पॅच (कीबोर्डवर वाजवायचा आवाज) अडखळू शकतो.

आवाज तडतडण्याचं दुसरं कारण ड्रायव्हर. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद. तेवढ्यात पुढचा तुकडा तयार व्हायलाच हवा. मध्येच एखाद्या ड्रायव्हरने २ मिलिसेकंद प्रोसेसर अडवून धरला, तर उरलेल्या ०.७ मध्ये काम उरकत नाही आणि टक्क असा आवाज येतो. म्हणून स्टेजसाठी गेमिंग लॅपटॉप घेताना जपून. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर या बाबतीत नेहमीचा संशयित. स्टेजवर मी बफर २५६ ठेवतो, म्हणजे एका बाजूचे (आवाज आत येताना किंवा बाहेर जाताना) ५.३ मिलिसेकंद. कीबोर्ड वाजवणाऱ्याला ते जाणवत नाही. तबलजी आणि गायकाला हेडफोन द्यायचा असेल तर त्यांचा आवाज लॅपटॉपमधून फिरवूच नका, ऑडिओ इंटरफेसचं (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारा डबा) डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा, त्यात आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट कानात येतो.

विंडोजमध्ये एकदाच करायची कामं : पॉवर मोड बॅटरीवरही ‘बेस्ट परफॉर्मन्स’, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी उपकरणं झोपवणारी सोय) बंद, अपडेट पॉझ, सिस्टिमचे आवाज बंद (नोटिफिकेशनची टुंग पीएवर, म्हणजे कार्यक्रमाच्या स्पीकरवर, सगळ्या सभागृहाला ऐकू जाते). कार्यक्रमाआधी वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद. मिक्सर वाय-फायवरून चालवायचा असेल तर त्यासाठी वेगळा टॅब्लेट ठेवा. आणखी एक, फारसं कोणी सांगत नाही ते : स्टेजसाठी वेगळा पॉवर प्लॅन करून त्यात ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करा. बूस्ट (चिपने गरजेला वेग वाढवणं) बंद होतो, चिप ३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास राहते, पंखा शांत होतो आणि गरम होऊन अचानक वेग पडण्याचा प्रश्न मिटतो. लाइव्ह सेट हलका असतो, तेवढा वेग पुरतो. स्टुडिओत मिक्सिंगला मात्र बूस्ट हवाच. घरी त्याच खोलीत घुमट किंवा आवाज रेकॉर्ड करताना पुन्हा ९९ करा, नाहीतर कंडेन्सर माइक पंखाही टिपतो.

आता वीज. मंडपात लाइट जाते, जनरेटर सुरू होईपर्यंत काही सेकंद जातात. लॅपटॉप बॅटरीवर तगतो. पण इंटरफेसला वेगळा अडॅप्टर असेल तर तो मरतो, आणि परत आल्यावर सॉफ्टवेअरमध्ये ड्रायव्हर पुन्हा निवडत बसावं लागतं. म्हणून यूएसबीवरच चालणारा इंटरफेस घ्या. क्लिक वेगळा पाठवायचा तर चार आउटपुट हवेत : १-२ साउंडवाल्याला, ३-४ तबला-ड्रमच्या कानात. मोटू एम४ सारखे चार आउटपुटचे इंटरफेस यूएसबीवर चालतात. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये. हबवर फक्त मिडी कीबोर्ड आणि डाँगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यूएसबी किल्ली). यूएसबी-सीची पिन स्टेजवर पायाने सहज निसटते, केबल टेबलाला गाफर टेपने बांधा.

चार्जर लावला की हमिंग, काढला की गायब : हा अर्थ लूप, म्हणजे अर्थिंगचा घोळ. लॅपटॉपच्या तीन पिनी चार्जरची अर्थ आणि साउंडवाल्याच्या मिक्सरची अर्थ ऑडिओ केबलमधून जोडल्या जातात. उपाय म्हणजे बॅलन्स्ड आउटपुट, ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायची डबी) आणि त्याचं अर्थची जोड तोडणारं ग्राउंड लिफ्ट बटण. चार्जरची अर्थ पिन तोडणारे महाभाग भेटतात. ओल्या जमिनीवरच्या मंडपात तो थेट शॉकचा धंदा आहे. बॅटरीवर माझा सेट तीन तासांच्या आसपास चालतो, संगीत नाटकाला ते कमी पडतं. ६५ वॉट पीडीची (यूएसबी-सीवरून लॅपटॉप चार्ज करणारी), २०,००० एमएएचची पॉवर बँक दोन-अडीच तास वाढवते, आणि तिला अर्थच नसल्याने हमिंगही नाही. ती ७४ वॉट-अवर भरते, विमानात केबिन बॅगेतच न्यावी लागते.

दमट हवेचा त्रास स्क्रीनपेक्षा पोर्टना जास्त. किनाऱ्याजवळ यूएसबी-एचे संपर्क काळवंडतात आणि कीबोर्ड मध्येच ‘डिस्कनेक्ट’ होऊ लागतो. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. लॅपटॉप पूर्ण बंद करून प्लगच्या टोकांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा काँटॅक्ट क्लीनर फिरवा. जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेल. रंग बदलला की पुन्हा तापवायचं. एसी गाडीतून थेट मंडपात आणलं तर लगेच सुरू करू नका, अर्धा तास बॅगेतच राहू द्या, आत पाणी धरतं. पंख्यात धूळ आणि ओल मिळून चिखल होतो, चवथीआधी एकदा उघडून साफ करावा.

मॅकबुक एअरच का नाही? सेटिंगशी खेळायचं नसेल तर तोच घ्या. कोअर ऑडिओला (मॅकची स्वतःची ऑडिओ यंत्रणा) ड्रायव्हरची ही कटकट जवळपास नाही, आणि मेनस्टेज (स्टेजवर वाद्यं वाजवायचं अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर) फक्त तिथेच चालतं. पण एम१ पासूनच्या एअरला पंखा नाही, मे महिन्यातल्या दुपारी जड सेट लांबला की वेग उतरतो. रॅमही नंतर वाढत नाही, मोठी सॅम्पल लायब्ररी वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी पैसे मोजावे लागतात.

विंडोज घेणार असाल तर परतीची मुदत चालू असतानाच तपासा. आपल्या इंटरफेसचा ड्रायव्हर, रीपर (६० दिवस चाचणीला मिळतं) आणि लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका. वीस मिनिटं चार्जरवर, वीस बॅटरीवर, वाय-फाय चालू ठेवून आणि बंद करून. एनडीआयएस.सिस लाल दिसलं तर ते नेटवर्कचं, वाय-फाय बंद करून भागतं. एसीपीआय.सिस (वीज आणि बॅटरी सांभाळणारा ड्रायव्हर) सतत लाल असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीची ‘कंट्रोल मेथड’ नोंद डिसेबल करून बघा; त्याने कधी कधी सुटतं, पण बॅटरी किती उरली ते दिसेनासं होतं. तरीही लाल राहिलं तर दोष बहुधा बायोसमध्ये (कंपनीने मशीनमध्येच बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर) असतो. नव्या बायोसची वाट न बघता लॅपटॉप परत करा.