'एसईओ होस्टिंग' दोन वर्षं वापरून बघितलं, पाचातले दोन तारे देतो आणि तेही सपोर्टवाल्या पोराकडे बघून

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ह्या धंद्यातल्या सगळ्यांचा माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो. एका नावाला शिव्या दिल्या तर तुम्ही दुसऱ्या नावाचं तेच घ्याल.

मी फोंड्याला राहतो, घरी बसून वेबसाइटी करतो. गिऱ्हाइकं बहुतेक किनाऱ्यावरची, म्हणजे मोरजीचं एक गेस्टहाऊस, कळंगुटचा रेंट-अ-बाइकवाला, झालंच तर डिचोलीचा एक काजूवाला. सगळ्यांचं मागणं एकच, गूगलवर पहिल्या पानावर आणून दे, ह्यालाच धंद्यात एसईओ म्हणतात. आता 'गोवा होमस्टे' टाकलं की वर मोठमोठ्या बुकिंग साइटी ठाण मांडून बसलेल्या, त्यांच्यापुढे मोरजीच्या चार खोल्या कुठून दिसणार. म्हणून २०२२ च्या सुरवातीला मी पीबीएनच्या, म्हणजे प्रायव्हेट ब्लॉग नेटवर्कच्या, नादाला लागलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी सोडून दिलेली, मुदत संपलेली जुनी डोमेनं घ्यायची, ज्यांना बाहेरच्या चांगल्या साइटींवरून आधीच लिंका आहेत अशी. त्यावर वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) टाकायचं, दहाबारा लेख चिकटवायचे आणि मध्येच एका लेखातून आपल्या गिऱ्हाइकाला लिंक, म्हणजे गूगलच्या नजरेत त्याचं वजन वाढतं. गूगलच्या नियमांत हे बसत नाही, ते काय मी लपवत नाही. सगळा खेळ एवढाच, की ह्या पंधरा साइटी एकाच माणसाच्या आहेत हे दिसता कामा नये. आणि ते दिसतं सगळ्यात आधी होस्टिंगवरून, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर ठेवलीय त्यावरून, म्हणून मग स्पेशल 'एसईओ होस्टिंग' नावाचा प्रकार विकतात, साध्या होस्टिंगच्या तिप्पट-चौपट भावाने.

जाहिरातीत काय होतं तर पंधरा आयपी (सर्व्हरचे इंटरनेटवरचे पत्ते), सगळे वेगवेगळ्या 'सी क्लास'चे. म्हणजे आयपीच्या चार आकड्यांतले पहिले तीन जुळणार नाहीत असे. खरं तर आयपी वाटायची ही ए-बी-सी क्लासची पद्धत १९९३ मध्येच मोडीत निघाली, पण एसईओवाले अजून तेच घोकत बसलेत आणि दुकानदार त्याच नावाने माल खपवतात. मिळाले मला पंधरा आयपी, आकडे वेगळे होते, नाही असं नाही. पण मी एकेक आयपी टाकून बघितला तर सगळे एकाच डेटासेंटरचे, एकाच नेटवर्क नंबराखालचे, आणि रिव्हर्स डीएनएसला (आयपीवरून नाव शोधतात ते) तर कंपनीचंच नाव छापलेलं! नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या आयपीवर आहे ते सांगणारे) सगळ्यांना तेच दोन, वेगळे मागितले तर वरचे पैसे.

शेजारी कोण आहेत ते बघायला रिव्हर्स आयपी लुकअप केला तर आणखीच मजा. एका आयपीवर कॅसिनो, वजन कमी करायच्या गोळ्या, कर्ज देणारे, आणि सगळ्यांची तीच रड, दहा लेख आणि एक लिंक. साधं दुकान, शाळा, डॉक्टर असं कोणी नाहीच. अहो, लपायचं असेल तर माणूस गर्दीत लपतो, फक्त लपणाऱ्यांसाठीच बांधलेल्या चाळीत खोली घेऊन काय उपयोग? आमच्याकडे मटक्याचा गाडा असतो ना तसं, म्हणायला चोरून, पण अख्ख्या बाजाराला ठाऊक कुठल्या कोपऱ्यावर आहे तो. माझ्यासारख्याला फुकटच्या टूलवर दहा मिनिटांत दिसलं ते गूगलला दिसत नसेल ही आशा मी कशाच्या जोरावर धरली होती, देव जाणे.

आयपी महाग का, तेही सांगतो, कारण विकणारा ते 'प्रीमियम' म्हणून सांगतो. आयपीव्ही४ चे पत्ते मुळात ४२९ कोटीच, आणि आपल्या आशियाच्या वाट्याचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच जवळपास संपला, त्यानंतर बहुतेक वापरलेलेच पत्ते फिरतात, ह्या हातातून त्या हातात. म्हणजे तुम्हाला मिळतो तो सेकंडहँड. माझ्यातले तीन स्पॅमहाउसच्या (रद्दी मेल सोडणाऱ्या आयपींची काळी यादी ठेवणारी संस्था) यादीत सापडले, आधीच्या कुणीतरी तिथून रद्दी मेल सोडली असणार. त्या साइटींच्या कॉन्टॅक्ट फॉर्मचे मेल कधी पोचलेच नाहीत.

स्पीडबद्दल बोलायला नको. सर्व्हर अमेरिकेत, फोंड्यातून वर्डप्रेसचं अ‍ॅडमिन उघडेपर्यंत चहा होतो. पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती, ७.४ च्या पुढे न्यायला तयार नाहीत, त्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला तरी तेच.

आणि ती चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. २०२२ ची. ऑगस्टच्या शेवटी होती, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची) बांधायला घरचे सगळे गोळा झालेले आणि माझ्या फोनवर एकामागून एक 'साइट डाउन' चे मेसेज. झालं असं की बाहेरच्या कंपन्यांचं ऑटो-पे ऑक्टोबर २०२१ पासून आरबीआयच्या ई-मँडेटच्या (आपोआप पैसे कापायच्या परवानगीच्या) नियमामुळे कित्येक कार्डांवर अडकायला लागलं, माझंही अडकलं, कंपनीने दोन मेल टाकले ते स्पॅममध्ये गेले आणि तिसऱ्या दिवशी अकाउंट सस्पेंड. चवथीला गोव्यात कोण कुणाचा फोन घेतो? दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून आलो आणि रात्री बाराला लॅपटॉप उघडून बसलो. इथे मात्र सपोर्टवर जो पोरगा होता त्याने पैसे येण्याआधीच साइटी चालू करून दिल्या, एक शब्द न बोलता. दोन तारे दिले ते त्याचे.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं एसईओ होस्टिंग नको, सहा वेगवेगळ्या कंपन्यांची स्वस्तातली शेअर्ड होस्टिंग (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइटी) घेऊ आणि साइटी विखरून टाकू. एसईओ होस्टिंगपेक्षा हे नक्की बरं, कारण शेजार खरा असतो, तुमच्या आयपीवर कुणाची बेकरी, कुणाचं क्लासेस. पण सहा पॅनल, सहा पासवर्ड, सहा रिन्यूअल, पहिल्या वर्षी जे शंभर रुपये महिना दिसतं ते दुसऱ्या वर्षी तिप्पट, वर १८ टक्के जीएसटी. 'अनलिमिटेड' च्या खाली बारीक अक्षरात फाइलींच्या संख्येची मर्यादा असते ती वेगळीच, बॅकअप प्लगइनने ती कधी भरली मला कळलंही नाही.

आणि खाचाखोचा तर विचारू नका. एका अकाउंटात दोन डोमेनं टाकली, तर सीपॅनलने (होस्टिंग सांभाळायचं सॉफ्टवेअर) दुसऱ्या डोमेनासाठी पहिल्याखाली आपोआप सबडोमेन बनवलं आणि फुकटच्या एसएसएल सर्टिफिकेटात दोन्ही नावं शेजारी शेजारी. ही सर्टिफिकेटं जाहीर नोंदवहीत जातात, कुणीही शोधावं. क्लाउडफ्लेअर (साइटीच्या पुढे उभी राहणारी सेवा) लावलं तर आयपी झाकला जातो, पण एकाच खात्यातल्या डोमेनांना बहुतेक करून नेमसर्व्हरची तीच जोडी मिळते. डॉट इन घेतलं तर तिथे प्रायव्हसी प्रॉक्सी, म्हणजे मालकाचं नाव झाकायची सोय, चालत नाही. अहरेफ्स, मॅजेस्टिक (कुणाला कुठून लिंका आहेत ते शोधणारी टूलं) यांचे बॉट अडवून ठेव म्हणून एकाने सांगितलं, ते केलं, मग लक्षात आलं की पंधराच्या पंधरा साइटींनी तेच बॉट अडवलेत ही पण एक खूणच झाली की! एक भोक बुजवलं की दुसरीकडून पाणी, खाजनाचा बांध फुटल्यासारखं.

फायदा झाला का? खोटं कशाला बोलू, झाला, चारेक महिने. मोरजीवाला पाचव्या पानावरून दुसऱ्यावर आला. मग डिसेंबर २०२२ मध्ये गूगलने लिंक स्पॅमवाला अपडेट सोडला, त्यात त्यांची स्पॅमब्रेन नावाची सिस्टम लिंका विकत घेणाऱ्या साइटी आणि लिंका पुरवणाऱ्या साइटी दोन्ही ओळखते म्हणे. जानेवारीत गेस्टहाऊस परत पाचव्यावर. सर्च कन्सोलवर (गूगलचं साइटवाल्यांसाठीचं पॅनल) नोटीस नाही, दंड नाही, काही नाही, फक्त त्या लिंका जणू नव्हत्याच. २०१४ च्या सप्टेंबरात पीबीएनवाल्यांना निदान मॅन्युअल अ‍ॅक्शनचा (गूगलच्या माणसांनी लावलेल्या दंडाचा) मेसेज तरी यायचा, काय चुकलं ते कळायचं. आता शुकशुकाट, आणि तुम्ही होस्टिंगचं बिल भरत राहता. मीही भरत राहिलो, वर्षभर, अजून तीन डोमेनं घेऊन, ते आता सांगायला लाज वाटते.

गेस्टहाऊसचे काका एकदा म्हणाले, "अरे, ह्या तुझ्या पंधरा साइटी वाचतं कोण?" मी म्हटलं, "काका, त्या वाचायला नसतात." ते नुसते बघत राहिले माझ्याकडे.

मार्च २०२४ मध्ये गूगलने एक्स्पायर्ड डोमेनांचा गैरवापर नाव घेऊन नियमांत घातला तेव्हा मी बंद केलं सगळं. आता काकांची एकच साइट आहे, मुंबईत सर्व्हर असलेल्या एका साध्या शेअर्ड होस्टिंगवर, पैसे यूपीआयने, वर्षाचे एकदम. तिच्यावर मी एक पान लिहिलं, मोरजीच्या टेंब भागात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला कधी येतात, रात्री किनाऱ्यावर टॉर्च का मारायचा नाही, मोपा विमानतळावरून कसं यायचं. त्या एका पानाला तीन लिंका मिळाल्या, मी न मागता. तिसऱ्या पानावर आहोत सध्या, पहिल्यावर नाही, काका अजून कुरकुरतात.

तरीही कुणाला एसईओ होस्टिंग घ्यायचंच असेल तर वर्षाचं घेऊ नका, महिन्याचं घ्या, आणि पैसे भरायच्या आधी आयपींची यादी मागा. देत नसतील तर तिथेच थांबा. दिली तर प्रत्येक आयपी स्पॅमहाउसवर टाकून बघा आणि शेजारी बघा. परत पैसे मिळायची मुदत माझ्या कंपनीत ३० दिवस होती, मी ३४ व्या दिवशी मागितले. डोमेनांचे तर तसेही परत मिळत नाहीत, त्यातली दोन अजून माझ्याच नावावर पडून आहेत, एक मूळची पोलंडमधल्या कुठल्याशा नाचाच्या क्लासची, वेबॅक मशीनवर (जुन्या साइटी जपून ठेवतात तिथे) त्यांच्या पोरांचे फोटो आहेत. त्यांच्यातलं कुणी मागायला आलं तर फुकट देऊन टाकीन.